डॅनियल बून: तीनदा आमदार, तरी नावावर जमीन नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "डॅनियल बून म्हणजे रानात हिंडणारा शिकारी, एवढंच आम्हाला माहीत. तो व्हर्जिनियाच्या विधानसभेवर तीनदा निवडून आला होता, हे खरं का? खरं असेल तर असा माणूस तिथे पोचला कसा, तिथे त्याने केलं काय, आणि हजारो एकरांवर हक्क सांगणारा हा गृहस्थ म्हातारपणी भूमिहीन कसा झाला?"

खरं आहे. १७८१, १७८७ आणि १७९१ अशा तीन वेळा तो निवडून आला, तेही तीन वेगवेगळ्या काउंट्यांमधून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा): फेयेट, बर्बन आणि कनाव्हा. पहिल्या दोन आजच्या केंटकीत, पण केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडायचं. माणूस बिऱ्हाड हलवायचा आणि नव्या ठिकाणचे लोक त्याला पुन्हा निवडून द्यायचे.

मी आधी महाराष्ट्रात मोजणीच्या कामात होतो आणि नंतर बरीच वर्षं केंटकीत जमिनींचे टायटल, म्हणजे मालकीचे कागद, तपासले. त्यामुळे माझं उत्तर जमिनीच्या अंगाने जाणार. बूनच्या बाबतीत ते गैर नाही, कारण त्याची आमदारकी आणि त्याचं दिवाळं या दोन्हींचं मूळ एकच आहे. अपलेशियन डोंगरापलीकडच्या लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता, म्हणून ते त्याला राजधानीत, रिचमंडला, पाठवत आणि जमीन शोधायलाही त्यालाच सांगत. राजधानीत मात्र शब्दाला किंमत नव्हती, कागदाला होती. आणि कागद हे बूनचं क्षेत्र कधीच नव्हतं.

सुरुवातीचं आयुष्य भराभर सांगतो. जन्म १७३४ चा, पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात. वडील स्क्वायर बून इंग्लंडमधल्या डेव्हनहून आलेले. मुलांनी पंथाबाहेर लग्नं केली म्हणून त्यांचं पंथाशी बिनसलं आणि १७५० च्या सुमारास सगळं कुटुंब नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीकाठी गेलं. १७५६ मध्ये रेबेका ब्रायनशी डॅनियलचं लग्न झालं, पुढे दहा मुलं झाली. शाळा जवळजवळ नाहीच. वाचता-लिहिता येत होतं, स्पेलिंग कानाला पटेल तसं. शेतीत त्याचं मन रमलं नाही. शरदात हरणांची कातडी, हिवाळ्यात बीव्हरची, असं चाले. १७६९ मध्ये तो केंटकीत शिरला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी त्याला पकडून जमवलेली सगळी कातडी काढून घेतली आणि पुन्हा इकडे येऊ नकोस म्हणून बजावलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच होतं, ती त्यांची शिकारीची जमीन होती. बूनने ऐकलं नाही. १७७३ मध्ये कुटुंबं घेऊन निघाला तेव्हा थोरला मुलगा जेम्स वाटेत मारला गेला आणि सगळे परतले.

आता १७७५. इथून आपल्या विषयाला सुरुवात होते.

नॉर्थ कॅरोलिनाचे एक माजी न्यायाधीश रिचर्ड हेंडरसन यांनी ट्रान्सिल्व्हेनिया नावाची कंपनी काढली आणि मार्च १७७५ मध्ये चेरोकी या दुसऱ्या मूळ जमातीच्या प्रमुखांकडून सुमारे २ कोटी एकर जमीन 'खरेदी' केली. मोबदला काय, तर सुमारे १०,००० पौंडांचा माल. चेरोकींमधल्याच ड्रॅगिंग कनूने भर बैठकीत विरोध केला. शिवाय इंग्लंडच्या राजाने १७६३ मध्येच खासगी माणसांना अशी खरेदी करायला बंदी घातली होती. म्हणजे खरेदीखत पहिल्या दिवसापासूनच लंगडं. बून हा या कंपनीचा वाटाड्या. सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन त्याने कंबरलँड खिंडीतून केंटकी नदीपर्यंत वाट पाडली. पुढे ती वाइल्डरनेस रोड म्हणून गाजली. तेव्हा मात्र घोडा जेमतेम जाईल एवढीच ती होती, गाडी नाही. नदीकाठी बून्सबरो वसलं.

त्याच मे महिन्यात बून्सबरोला एका प्रचंड एल्म झाडाखाली चार वस्त्यांचे प्रतिनिधी बसले. बून पहिल्यांदा 'सभागृहात' बसला तो इथे, छताशिवाय. त्याने दोन विधेयकं मांडली: एक वन्य प्राण्यांच्या रक्षणाचं, दुसरं घोड्यांची पैदास सुधारण्याचं. शिकाऱ्याने शिकारीवर बंधन मागावं याचं लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. वस्तीला जेमतेम दोन महिने झाले होते, तरी आसपासचे गवे संपत आले होते, आणि मांसासाठी पंधरा-वीस मैल जावं लागतं अशी तक्रार हेंडरसनने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. रानाची नासाडी सगळ्यात आधी शिकाऱ्यालाच दिसते.

त्याच सभेतला आणखी एक प्रसंग, खास माझ्या धंद्यातला. इंग्रजी रिवाजाप्रमाणे ताबा देताना जमिनीचा तुकडा हातात द्यायचा असतो. तसं गवतासकट मातीचं एक ढेकूळ उकरून चेरोकींच्या वतीने हेंडरसनच्या हाती दिलं गेलं आणि त्यानंतर खत वाचून दाखवलं. दोन कोटी एकरांचा कब्जा एका ढेकळात! त्या ढेकळाचा पुढे काही उपयोग झाला नाही. व्हर्जिनियाने केंटकीला आपली काउंटी जाहीर केलं, कंपनीची खरेदी रद्दबातल ठरवली आणि हेंडरसन मंडळींची २ लाख एकर देऊन बोळवण केली. वाट पाडण्याबद्दल कंपनीने बूनला २,००० एकर कबूल केले होते. कंपनीच बुडाल्यावर ते कोण देणार?

मधली वर्षं सिनेमावाल्यांची: १७७६ मध्ये मुलगी जेमायमा पळवली गेली आणि त्याने तिला सोडवून आणलं, १७७८ मध्ये मीठ करायला गेलेल्या टोळीसकट तो स्वतः शॉनींच्या हाती लागला, त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानलं, तिथून तो निसटला, सुमारे १६० मैल चार दिवसांत तोडून बून्सबरोला आला आणि वेढ्यात गढी राखली. मग आपल्याच लोकांनी त्याच्यावर फितुरीचा खटला भरला. तो निर्दोष सुटला, वर मेजरची बढतीही मिळाली.

आता आमदारकी. १७८० च्या अखेरीस केंटकी काउंटीचे तीन तुकडे झाले, त्यातली एक फेयेट. बून तिथल्या मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, लेफ्टनंट कर्नल, आणि १७८१ च्या एप्रिलमध्ये विधानसभेवर प्रतिनिधी. तेव्हाची निवडणूक आजच्यासारखी नव्हती. काउंटीच्या ठिकाणी शेरीफ बसायचा, मतदार पुढे येऊन सगळ्यांसमक्ष मोठ्याने नाव सांगायचा, आणि कारकून ते लिहून घ्यायचा. मत फक्त जमीन बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांना. प्रत्येक काउंटीला दोन जागा. केंटकीहून रिचमंडला जायचं म्हणजे घोड्यावर आठवडे, जंगलातून, हल्ल्याची भीती घेऊन, घरची शेती सोडून. ही दगदग पत्करायला तयार असलेला, वाट माहीत असलेला आणि जिवंत परत येण्याची खात्री असलेला माणूस कोण? एवढा हिशेब केला की बूनचं नाव आपसूक येतं. वक्तृत्वाचा इथे काही संबंध नाही.

स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, आणि पहिल्याच अधिवेशनात त्याची गाठ इंग्रज फौजेशी पडली. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या धाकाने विधानसभा रिचमंड सोडून शार्लट्सव्हिलला गेली होती. ४ जून १७८१ च्या सकाळी इंग्रज अधिकारी टार्लटनचे घोडेस्वार तिथे येऊन थडकले. जॅक जूएट नावाच्या माणसाने आदल्या रात्रभर सुमारे ४० मैल घोडा दामटून खबर दिली, म्हणून गव्हर्नर जेफरसन आणि बहुतेक आमदार निसटले. सात आमदार सापडले, त्यात बून होता. सरकारी दप्तर गाड्यांत भरायला तो मागे थांबला होता, असं सांगतात. असंही सांगतात की त्याच्या साध्या रानकपड्यांमुळे इंग्रजांना संशय आला नव्हता, पण कोणीतरी त्याला हुद्द्याने हाक मारली आणि तो अडकला. हाकेची गोष्ट ऐकीव आहे. पकडला गेला आणि काही दिवसांनी पॅरोलवर सुटला, हे नक्की. पुढच्या वर्षी ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायल त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

दुसऱ्यांदा तो निवडून आला तोवर दिवस पालटले होते. १७८४ मध्ये जॉन फिल्सन या शाळामास्तराने केंटकीवरच्या आपल्या पुस्तकात बूनच्या तोंडी एक आत्मकथा घातली. भाषा फिल्सनची, जड आणि अलंकारिक. बून असं बोलणं शक्य नाही. पण त्या पुस्तकाने तो युरोपपर्यंत माहीत झाला. या काळात तो ओहायो नदीवरच्या लाइमस्टोन गावी राहत होता. खानावळ, घोड्यांचा व्यापार, मोजणी, जमिनीचे सौदे, सगळं एकदम चालू. १७८७ च्या कर पुस्तकात त्याच्या नावावर सात गुलाम दिसतात. बूनवर लिहिणारे बरेच लोक हे सांगायचं टाळतात. जंगलातला मोकळा माणूस या चित्रात ते बसत नाही, पण त्या काळच्या केंटकीत वर चढणाऱ्या गोऱ्या माणसाची ही नेहमीची वाट होती.

१७८७ च्या हिवाळ्यात तो बर्बन काउंटीचा प्रतिनिधी म्हणून रिचमंडला गेला. रेबेका आणि सहा वर्षांचा धाकटा नेथन बरोबर होते. तिथे त्याने केलं काय, तर मोठ्या भाषणांची अपेक्षा ठेवू नका. त्या सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत भाषणं नसतात. ठराव, समित्या आणि अर्ज असतात. सीमेवरच्या आमदाराचं खरं काम म्हणजे अर्ज पोचवणं: फेरीबोटीला परवाना, तंबाखूच्या तपासणीचं गोदाम, काउंटीचं विभाजन, नव्या गावाची स्थापना. आजचा ग्रामीण आमदार रस्त्याची आणि बंधाऱ्याची फाइल घेऊन मंत्रालयात फिरतो तसंच. याच अधिवेशनात लाइमस्टोनला मेझव्हिल नावाने गावाचा दर्जा देणारा कायदा झाला आणि विश्वस्तांमध्ये डॅनियल बूनचं नाव घातलं गेलं. जमीन जॉन मे आणि सायमन केंटन यांची. हा केंटन म्हणजे दहा वर्षांपूर्वी बूनच्या घोट्याला गोळी लागली तेव्हा त्याला उचलून गढीत नेणारा.

आता जमिनीचं. इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

व्हर्जिनियाचा १७७९ चा जमीन कायदा असा: १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन राहिलेल्याला ४०० एकर, शेजारच्या १,००० एकरांवर आधी घेण्याचा हक्क, आणि बाकी कोणालाही पैसे भरून वॉरंट. वॉरंट म्हणजे एवढे एकर मिळण्याचा हक्क. कुठले एकर, ते त्यात नसतं. ते तुम्ही शोधायचे, काउंटीच्या मोजणीदाराकडे नोंद करायची, मग मोजणी, मग नकाशा रिचमंडला, मग सरकारी ग्रँट. चार पायऱ्या, प्रत्येकीला मुदत, प्रत्येकीला फी. आणि नोंद इतकी नेमकी हवी की दुसऱ्याला तिच्या शेजारची मोकळी जमीन खात्रीने ओळखता यावी, अशी कायद्यातच अट.

नोंदी प्रत्यक्षात कशा असत? साधारण अशा: अमुक ओढ्याच्या मुखापासून दोन मैल वर, दोन शुगर ट्री आणि एक बकआय जिथे जवळजवळ उभे आहेत तिथून सुरू, मग उत्तर ४५ अंश पूर्व ३२० पोल, पांढऱ्या ओकपर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोल म्हणजे बरोबर एक मैल. (मोजणीवाल्यांसाठी: गंटरची साखळी ६६ फुटांची, आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. चार गुंठे म्हणजे एक चौरस साखळी, म्हणून दोन्हीकडे एकराचा मेळ बसतो. माप एकाच घराण्यातलं आहे.) आता यातलं काय टिकतं? झाड मरतं, ओढ्याला दोन शेजारी दोन वेगळी नावं देतात, उतारावर साखळी सैल पडते, होकायंत्राची सुई वर्षागणिक सरकते. चतुःसीमा लिहिलेली आहे, पण एकही सीमा जागेवर सापडत नाही, अशी गत.

याहून मोठा दोष सरकारचा. मुंबई इलाख्यात इंदापूरपासून १८३० च्या दशकात जी मोजणी झाली, तिच्यात आधी शेतं मोजली, नंबर दिले, मग आकारणी ठरवली. व्हर्जिनियाने उलट केलं: आधी विकलं, मोजायचं काम घेणाऱ्यावर ढकललं, आणि किती वॉरंट विकायची यालाही धरबंध ठेवला नाही. केंटकीत एकाच जागेवर तीन-तीन, चार-चार ग्रँट चढल्या. ओहायो नदीच्या पलीकडे मात्र १७८५ च्या केंद्रीय कायद्याने आधी सहा मैलांचे चौकोन आखले गेले, त्यात ६४० एकरांचे ३६ भाग. नदी ओलांडली की टायटलचं काम किती हलकं होतं, ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल. अब्राहम लिंकनचे वडील थॉमस यांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं, त्याचं मुख्य कारण हेच टायटलचं लचांड होतं, असं खुद्द लिंकनने लिहून ठेवलं आहे. तोच मुलगा पुढे इलिनॉयमध्ये डेप्युटी सर्व्हेअर झाला आणि १८३४ मध्ये तिथल्या विधानसभेवर गेला.

बून या गोंधळात दोन्हीकडून सापडला. फेयेटच्या थॉमस मार्शल यांच्या हाताखाली तो डेप्युटी सर्व्हेअर होता आणि दुसऱ्यांसाठी जमीन हेरूनही द्यायचा. रान त्याला तळहातासारखं ठाऊक. कुठला ओढा कुठे वळतो ते झोपेत सांगेल. म्हणूनच त्याच्या नोंदी ढिल्या असत, असं माझं मत. ज्याला जागा डोळ्यांसमोर दिसते तो परक्यासाठी नेमकं लिहीत नाही. स्वतःच्या दाव्यांचा पाठपुरावाही त्याने धड केला नाही. नोंद केली पण मोजणी राहिली, मोजणी झाली पण ग्रँट दुसऱ्याची आधी निघाली. १७८० मधला प्रकार तर भयंकर: स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे मिळून सुमारे २०,००० डॉलर घेऊन तो वॉरंट विकत घ्यायला व्हर्जिनियात निघाला आणि वाटेत एका खानावळीत झोपेत सगळे पैसे चोरीला गेले. काहींनी माफ केलं, काहींना तो पुढे बरीच वर्षं फेडत राहिला.

मग दावे सुरू झाले. त्याने विकलेली जमीन दुसऱ्याची निघाली की घेणारा भरपाई मागायला दारात उभा. जुन्या हद्दीचा साक्षीदार म्हणून कोर्टात बोलावणं येई. त्याने खरं सांगितलं तरी हरलेला पक्ष त्याला शिव्या देई. तोंडी शब्दावर मिळालेलं नाव असं कोर्टाच्या जिन्यावर झिजत गेलं.

लाइमस्टोन सोडून तो कनाव्हा नदीकाठी गेला, आजच्या वेस्ट व्हर्जिनियात. तिथेही नवी काउंटी, तिथेही १७९१ मध्ये तोच प्रतिनिधी. या खेपेला त्याने मिलिशियाला दारूगोळा आणि धान्य पुरवण्याचं कंत्राटही घेतलं. उधारी, पावत्या, वेळेवर माल यांत तो कमी पडला, एका कप्तानाशी भांडण झालं, आणि काम अर्ध्यावर टाकून तो शिकारीला निघून गेला. त्याची आमदारकी तिथेच संपली. पुढच्या वर्षी, १७९२ मध्ये, केंटकी वेगळं राज्य झालं. ज्या सभागृहात तो तीनदा बसला त्याचा त्या भूमीवरचा अंमल संपला. १७९६ मध्ये वाइल्डरनेस रोड गाड्यांसाठी रुंद करायचं ठरलं तेव्हा त्याने गव्हर्नर शेल्बींना पत्र लिहून काम मागितलं. मिळालं नाही. १७९८ मध्ये केंटकीने एका काउंटीला त्याचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी कोर्टात हजर न राहिल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट निघालं, या वेळचं अटकेचं.

१७९९ मध्ये तो मिसूरीत गेला. तो मुलूख तेव्हा स्पेनचा. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी १८०० मध्ये त्याला फेम ओसाज भागाचा सिंडिक नेमलं, म्हणजे न्यायनिवाडा आणि जमीनवाटप दोन्ही त्याच्याकडे. झाडाखाली बसून तो तंटे तोडायचा आणि लोक निकाल मानायचे. त्याला १,००० आर्पां, म्हणजे सुमारे ८५० एकर मिळाले. नियमाप्रमाणे ती जमीन कसून दाखवायची आणि ग्रँटवर न्यू ऑर्लीन्सहून शिक्कामोर्तब करून घ्यायचं. सिंडिकला त्याची गरज नाही असं अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्याने ते केलं नाही. १८०३ मध्ये लुइझियाना, म्हणजे मिसूरीसकट तो सगळा मुलूख, अमेरिकेने विकत घेतला आणि अमेरिकन आयुक्तांनी कागद अपुरा म्हणून दावा फेटाळला. पुन्हा तेच. शेवटी त्याने थेट काँग्रेसकडे अर्ज केला आणि १८१४ मध्ये तेवढीच जमीन खास कायद्याने परत मिळाली. रेबेका आदल्याच वर्षी वारली होती. बातमी कळताच केंटकीचे जुने घेणेकरी येऊन थडकले आणि बरीचशी जमीन विकून त्याने त्यांना वाटेला लावलं. सगळी देणी फेडून खिशात पन्नास सेंट उरले, ही गोष्ट मात्र दंतकथेतच ठेवा.

२६ सप्टेंबर १८२० रोजी मुलगा नेथनच्या घरी तो वारला, वय ८५. मिसूरीची पहिली विधानसभा तेव्हा सेंट लुइसला भरली होती. तिने त्या दिवसाचं काम थांबवलं आणि सदस्यांनी वीस दिवस दंडाला काळी फीत बांधायचं ठरवलं. त्या सभागृहात त्याचा मुलगा जेसी सदस्य होता.

ज्यांना मूळ कागद बघायचे आहेत त्यांनी फ्रँकफर्टच्या केंटकी लँड ऑफिसपासून सुरुवात करावी. १७९२ पूर्वीच्या व्हर्जिनिया ग्रँटचे स्कॅन ऑनलाइन आहेत. नाव शोधताना 'बून' शेवटच्या ई सकट आणि त्याशिवाय, दोन्ही तऱ्हांनी टाका, कारण कारकून मनाला येईल तसं लिहीत. तो स्वतः सही करताना ई घालायचा. त्यामुळे 'इथे बूनने अस्वल मारलं' असं ई-शिवाय कोरलेलं जे झाड कोणी दाखवेल, त्यावर फारसा विश्वास ठेवू नका.